रेशनच्या रांगेत लशीचा दाखला

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन काल झाले. आज २ मे. या तारखेचा कुठे फलक लागत नाही. तरीही २०२२ साली याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल नांदेड-लातूरच्या माणसाने वर्षातून एकदा तरी काढून वाचावा, असे आम्हाला वाटते. न्या. एल. नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्या. भूषण गवई यांच्या पीठाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर सांगितले की, कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. आपल्या शरीरावरचा आपला हक्क घटनेच्या २१व्या कलमातच येतो. पुढे हेही सांगितले की, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार या हक्काला मर्यादा घालू शकते, मात्र मर्यादा कारणाच्या मापाची हवी. राज्यांनी लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध या मापात बसले नाहीत. लस न घेतलेला माणूस घेतलेल्यापेक्षा जास्त रोग पसरवतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवलीच नव्हती.

हा निकाल तेव्हा दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने वाटून घेतला. लशीवर ज्यांचा राग होता त्यांनी जबरदस्तीबद्दलचे वाक्य उचलले. सरकारने लसीकरणाचे धोरण योग्य ठरवणारा भाग उचलला. निकाल वाचताना आमच्या डोळ्यांपुढे मात्र त्याच्या आधीच्या वर्षीचा नोव्हेंबर येत राहतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात आदेश निघाला: लशीचा निदान एक डोस घेतल्याचा दाखला दाखवाल तरच रेशन, गॅस आणि पेट्रोल. राज्यात पहिला डोस घेतलेले ७४ टक्क्यांच्या घरात होते, त्या जिल्ह्यात सुमारे ५५. अधिकाऱ्यांची घालमेल आम्हाला कळते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मराठवाड्याने ऑक्सिजनसाठीची धावाधाव पाहिली होती. देगलूरचे आमदार रावसाहेब अंतापूरकर त्याच महिन्यात कोरोनाने गेले. पुन्हा लाट येईल या धास्तीत ज्याच्यावर जिल्ह्याची जबाबदारी आहे तो माणूस हाताला लागेल ते साधन उचलतो. धाकाने लसीकरणाच्या रांगा वाढतात, हेही कुणी नाकारू नये. पण हाताला लागले काय, तर रेशनकार्ड. रेशनचे धान्य २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला हक्क आहे, कुणाच्या मेहेरबानीचा वाटा नव्हे. ज्याच्या घरी वर्षाचे धान्य मोंढ्यातून पोत्याने येते, त्याला रेशन दुकानात कुणी दाखला मागणारच नव्हते. त्याने लस घेतली की नाही, हा प्रश्न धान्यापाशी त्याला कधी पडला नाही. एकाच रोगासाठी एकाच जिल्ह्यात सक्तीचे ओझे असे ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त झाले, आणि ज्याची ऐपत कमी त्याच्या वाट्याला जास्त आले.

त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी काय होते, तेही आठवावे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्यांसाठी लस खुली झाली आणि दोन आठवड्यांच्या आत महाराष्ट्राला ती थांबवावी लागली, कारण साठाच नव्हता. नोंदणी को-विनवर. ज्याच्याकडे स्मार्टफोन आणि नेटवर्क दोन्ही, त्याला वेळ मिळायची. गावच्या आरोग्य केंद्रातली वेळ शहरातल्या माणसाने आधीच धरलेली असायची आणि गावचा माणूस दारात उभा राहून परतायचा. मे महिन्यात ज्याला लस मिळाली नाही, त्याला नोव्हेंबरात लस नाही म्हणून धान्य नाकारायचे, हा हिशेब आम्हाला आजही पटत नाही.

आणि मधल्या काळात मराठवाड्यावर काय कोसळले होते? सप्टेंबरच्या अखेरीला गुलाब चक्रीवादळाचा पाऊस आला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले, नदीकाठची उभी सोयाबीन पाण्यात बसली. त्यानंतर दहा-बारा दिवसांतच, ८ ते १४ ऑक्टोबरला, राज्याने ‘मिशन कवच कुंडल’ ही लसीकरणाची मोहीम राबवली. मोहीम चांगली होती. पण त्या आठवड्यात औसा-निलंग्याच्या शिवारात माणसे भिजल्या शेंगा वाळवत होती, हरभऱ्यासाठी रान मोकळे करत होती. लस घेतली की दोन दिवस अंग मोडून येते, ताप भरतो, हे त्यांनी शेजारी पाहिलेले. मजुराच्या घरी दोन दिवस म्हणजे दोन हजेऱ्या. अफवाही होत्याच: लस घेतलेला दोन वर्षांत मरतो, घेतलेल्या बाईला मूल होत नाही. या सगळ्यातून जो केंद्रावर आला नाही, त्याच्या न येण्याला शहरातल्या चर्चांमध्ये ‘वैयक्तिक निवड’ असे नाव मिळाले. निवड करायला समोर दोन वाटा मोकळ्या असाव्या लागतात. त्याच्यासमोर एक शेताची होती आणि दुसरीवर दोन हजेऱ्यांचा टोल होता.

सक्ती आमच्या गावांना नवी नाही. आषाढात मरीआईचा गाडा निघतो. पटकीच्या साथींच्या आठवणीतून आलेली ही रीत. वर्गणी घरटी गोळा होते. कुणी देव मानतो की नाही, हे विचारले जात नाही. गाडा वाजत-गाजत शिवेवर नेऊन सोडतात आणि पुढचे गाव तो आपल्या शिवेपलीकडे ढकलते. त्यामागची समजूत आज आम्ही मानत नाही. पण त्या रीतीत दोन गोष्टींची जाण आहे. रोग एका घराचा राहत नाही, ही पहिली. आणि वर्गणी मागायला निघालेली माणसे पाटलाच्या वाड्यालाही वगळत नाहीत, ही दुसरी. फक्त गाडा पुढच्या गावाच्या माथी मारून आपण सुटलो असे मानण्यात जो धोका आहे, तोच ‘माझे शरीर, माझा निर्णय’ एवढेच म्हणून थांबणाऱ्याच्या बोलण्यातही आहे.

म्हणून सक्तीच्या विरोधातल्या प्रत्येक आवाजात आम्ही आवाज मिसळणार नाही. गोवराचे पाहा. लस न घेतलेल्यांच्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो. त्याला अडवायचे तर शंभरातली पंचाण्णव मुले संरक्षित लागतात. लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळतो. म्हणजे सहा महिन्यांच्या तान्ह्याला स्वतःची ढाल नसते. शेजारच्या मुलांनी घेतलेली लस हीच त्याची ढाल. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडीत गोवर उसळला आणि बालके दगावली. आमच्याकडे आजही काही घरांत अंगावर गोवर उठला की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो आणि दवाखाना लांबतो. तिथे ‘पालकांची मर्जी’ म्हणून आरोग्य खात्याने पाठ फिरवणे आम्हाला मान्य नाही. मोठ्या माणसाने स्वतःच्या दंडाचा निर्णय स्वतः घ्यावा. लेकराचा दंड हा बापाचा दंड नव्हे.

तरीही धाक हा पहिला उपाय नव्हे. २७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, शाळाशाळांतून. काही ठिकाणी भीतीने पालकांनी मुले घरी ठेवली. दिल्लीत हाच प्रश्न न्यायालयात गेला आणि जानेवारी २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने सांगितले की, पालकांना विचारा, फायदा आणि संभाव्य त्रास दोन्ही कळू द्या. आमचे म्हणणे याच्या आसपासचे आहे. अंगणवाडीत आणि पहिलीच्या प्रवेशाला लसीकरणाचे कार्ड जरूर मागावे, पण मुलाला परत पाठवण्यासाठी नव्हे. राहिलेला डोस शोधून त्याच आठवड्यात देण्यासाठी मागावे. नवजात बालकांच्या कक्षात काम करणाऱ्याने लस घेतलेलीच असावी, अशी अट घालावी. तिथे धोका दुसऱ्याच्या जिवाला आहे आणि तो उघड आहे. रेशन, रोजगार हमीचे काम, दवाखान्याचा केसपेपर या गोष्टींना मात्र लशीचा दाखला कधीही जोडू नये.

सक्ती लोक स्वीकारतात कशी, हे याच मराठवाड्याने २०२२ मध्ये दाखवले आहे, आणि ते माणसांच्या नव्हे, जनावरांच्या लशीबाबत. पोळा होऊन गेला आणि गुरांच्या लम्पी त्वचारोगाने राज्य व्यापले. गुरांचे बाजार बंद झाले. हाळी-हंडरगुळीसारख्या बैलबाजारावर ज्यांचे वर्ष चालते, त्यांच्यासाठी हा घाव मोठा होता. जनावरांच्या साथरोगांसाठी केंद्राचा २००९चा कायदा आहे आणि त्यात सक्तीच्या लसीकरणाची तरतूद आहे. राज्यातला सुमारे एक कोटी चाळीस लाख गोवंश लशीखाली आणायचा होता. कंधारच्या लाल कंधारीला आणि उदगीर भागातल्या देवणीला लस टोचताना कायद्याचे पुस्तक क्वचितच उघडावे लागले असेल. पशुवैद्यकाची माणसे गोठ्यापर्यंत आली, लस मोफत होती, आणि लम्पीने जनावर दगावलेच तर दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये, असा दर सरकारने आधीच सांगितला होता. शेतकऱ्याला दिसत होते की, हुकूम देणारा आपल्या नुकसानीतही उभा आहे.

माणसाच्या लशीत भरपाईचा हा तिसरा भाग राहून गेला. कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजारांचे सानुग्रह अनुदान मिळाले, तेही सर्वोच्च न्यायालयात प्रश्न गेल्यावर. पण लशीमुळे ज्याला गंभीर इजा झाली त्याचे काय? असे प्रसंग फार दुर्मीळ आहेत. लशीने वाचवलेले जीव त्याच्या कितीतरी पट आहेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. दुर्मीळ असले तरी ज्या घरात तो प्रसंग घडला, त्या घराला तो शंभर टक्के घडलेला असतो. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की, लस ऐच्छिक होती, त्यामुळे भरपाईची जबाबदारी सरकारवर येत नाही. दाद दिवाणी न्यायालयात मागावी. लस ऐच्छिक होती, असे दिल्लीत सांगायचे आणि जिल्ह्यात तिच्यावाचून धान्य रोखायचे, या दोन्ही गोष्टी एकाच राज्यव्यवस्थेच्या तोंडी शोभत नाहीत. अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा करून लशीच्या इजेसाठी भरपाईची व्यवस्था केली. इटलीचा असा कायदा १९९२चा आहे. फ्रान्सने २०१८ पासून बालकांसाठी अकरा लशी सक्तीच्या केल्या, आणि सक्तीच्या लशीने इजा झाली तर तिथे भरपाई सरकारी व्यवस्थेतून मिळते. ज्या देशांनी सक्ती गंभीरपणे घेतली, त्यांनी इजेची जबाबदारीही घेतली. २ मेच्या निकालाने लशीनंतरच्या त्रासाची माहिती, कुणाची ओळख उघड न करता, लोकांपुढे ठेवायला सांगितले आहे. ती मराठीत आणि आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर वाचायला मिळाली, तर अफवेला जागा कमी उरेल.

आणखी एक आठवण टाळून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत नांदेडच्या विष्णुपुरीतील शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ आणि अठ्ठेचाळीस तासांत ३१ मृत्यू झाले. त्यांत नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. कारणांवरून वाद झाले, औषधे होती की नव्हती यावरही झाले. तो वाद येथे पुन्हा मांडायचा नाही. पण किनवट-माहूरच्या डोंगरातून, हदगावहून, सीमेपलीकडच्या तेलंगणातूनही माणसे ज्या रुग्णालयाच्या आशेने येतात, तिथे ही घटना घडल्यावर ‘सरकार सांगते म्हणून लस घ्या’ हे वाक्य आशाताईच्या तोंडी किती जड झाले असेल, याचा विचार मंत्रालयात व्हायला हवा. लोक लशीला नाही म्हणतात तेव्हा पुष्कळदा ते लशीशी बोलत नसतात. लस घेऊन येणाऱ्यामागे जे उभे आहे, त्याच्याशी बोलत असतात.

आशाताईंना बालकाचे पहिल्या वर्षाचे लसीकरण पूर्ण झाल्यावर मिळणारा मोबदला १०० रुपये आहे. मानधनासाठी त्यांना २०२३ आणि २०२४ मध्ये रस्त्यावर यावे लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली एक ते दोन वर्षांची सुमारे चौथाई बालके पूर्ण लसीकरणाबाहेर होती. आमच्याकडे त्यांतली बरीच मुले ऊसतोडीच्या कोयत्याबरोबर फिरतात. मुकादमाची उचल घेऊन मुखेड, कंधार, लोहा, जळकोट भागातली कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नऊ महिन्यांचा डोस येतो तेव्हा मूल कारखान्याच्या खोप्यावर असते, कार्ड गावच्या पेटीत असते आणि कारखान्याकडची नर्सबाई त्याला ओळखत नाही. या आईबापांनी लस नाकारलेली नाही. त्यांना कुणी विचारलेलेच नाही.

गाळप संपले आहे, कोयते परतले आहेत. दसऱ्यापर्यंत ही मुले आपल्या तांड्यांवर आहेत. नांदेड आणि लातूरच्या जिल्हा परिषदांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत तांड्यातांड्यांवर सत्रे लावावीत, बायामाणसे कामाला निघण्याआधी, सकाळी सातला. नर्सबाईला बर्फाच्या पेटीसह गाडी द्यावी, ताप आला तर दुसऱ्या दिवशी कुणी पाहायला येईल एवढे आईला सांगावे, आणि खरोखर यावे. राहिलेल्या डोसांची यादी पुढच्या हंगामाआधी कारखान्यांच्या आरोग्य केंद्रांकडे जावी. मृगाला पाच आठवडे उरले आहेत. पाऊस सुरू झाला की यांतल्या कितीतरी तांड्यांचे रस्ते बंद होतात.