अट आधी सांगणारा राजपुत्र

दिवाळीच्या तोंडावर मराठीच्या प्राध्यापिकेला दोनच कामे असतात: घरच्या चकल्या आणि कॉलेजातले पेपर. यंदा तिसऱ्या कामाची भर पडली. धरमपेठेतून थोरल्या बहिणीचा फोन आला.

"आता तूच समजाव बाई तिला. इतके चांगले स्थळ चालून आले. माणसे सालस. 'आमची काही म्हणजे काही अट नाही' असे आपणहून म्हणाले. आणि ही 'विचार करते' म्हणते अन् रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पऱ्यांची पुस्तके वाचत बसते!"

वाचकहो, मी गेले. पंचवीस वर्षांच्या, मिळवत्या भाचीला समजावण्यापूर्वी तिचे पुस्तक तरी वाचावे, म्हणून एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ पिशवीत घालून घरी आणला. सारा जे. मास या बाईंची ही कादंबरी, 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस', २०१५ साली निघाली. माझ्या विद्यार्थिनीही अशी पुस्तके आवडीने वाचतात. पऱ्या म्हणजे पांढरी पिसे आणि चांदीची छडी, ही आपली कल्पना इथे उपयोगी नाही. इथले परीलोकाचे सरदार देखणे आहेत, क्रूर आहेत, शेकडो वर्षे जगणारे आहेत. एक गरीब शिकारी मुलगी त्यांच्या तावडीत सापडते आणि प्रेमात पडते.

तीन रात्री मी ते वाचले. शिक्षिकेच्या सवयीने नाक मुरडण्याची तयारी ठेवली होती. पण एका प्रसंगाशी थबकले. तळघरात कैदेत पडलेली, हात जखमी झालेली ती मुलगी. काळोखाच्या दरबाराचा स्वामी तिला बरे करायला येतो आणि मोबदल्यात आयुष्यभर दर महिन्याचे दोन आठवडे मागतो. ही मरणाच्या दारातली पोर त्याच्याशी घासाघीस करते आणि सौदा एका आठवड्यावर तोडते! सौदा अन्यायाचाच, अडलेल्या माणसाशी केलेला. पण काय द्यायचे हे आधी कळले होते, आणि तिच्या शब्दाने ते कमी झाले होते. पुढच्या भागात घराचे दार बाहेरून बंद करतो तो प्रेमळ, उजळ नायक, तिच्या काळजीपोटी!

हे वेड आपल्याला नवे नाही. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी वाचक अशाच अद्भुतात रमत होते. पुढे हरिभाऊ आपट्यांनी, १८९० साली निघालेल्या 'करमणूक' पत्रातून, 'पण लक्षात कोण घेतो' लिहिले आणि मराठी कादंबरी स्वयंपाकघरात आणून बसवली. त्यातल्या यमूचे केशवपन होते ते कुणा राक्षसाच्या गुहेत होत नाही, चांगल्या नांदत्या घरात होते. खरा अंधार कुठे असतो, हे आपल्याला तेव्हाच कळायला हवे होते.

आणखी मागे जा. माझ्या आजोळच्या विहिरीपाशी शेंदूर फासलेले सात दगड होते. साती आसरा. ज्याच्यावर त्यांचे मन बसेल त्याला त्या पाण्यात ओढतात, असे आजी सांगे. 'अप्सरा' या शब्दाचेच हे गावाकडचे रूप. त्या अप्सरांमधली उर्वशी पुरूरव्याकडे नांदायला आली, ती अटी घालून. शतपथ ब्राह्मणात त्या अटी आहेत. माझी इच्छा नसेल तेव्हा माझ्याजवळ यायचे नाही, ही त्यांतली एक. तू मला विवस्त्र दिसता कामा नये, ही दुसरी. गंधर्वांच्या कपटाने ही दुसरी मोडली, वीज चमकली आणि उर्वशी गेली. एवढ्या जुन्या काळी एका बाईने हे आधी, स्पष्ट सांगून ठेवले होते!

पुस्तक परत द्यायला गेले तेव्हा भाचीला म्हटले, "असला नवरा हवा का ग तुला?"

ती हसली. "वेडी आहेस का मावशी? तो पुस्तकातच बरा. मिटले की संपला. पण तिथे काय द्यायचे ते आधी सांगतात. इथे 'काही अट नाही' म्हणतात, त्याचीच मला भीती वाटते." मग हळूच म्हणाली, "तुला कुणी अट घातली होती?"

नाही. कुणीही नाही. मला पीएच्.डी. करायची होती; विषयही ठरला होता. अव्वल इंग्रजी काळातली अद्भुतरम्य कादंबरी. "करा की, अवश्य करा," असे सासरी सगळे म्हणाले. नंतर पाहुणे आले, बाळंतपणे आली, सासूबाईंचे दुखणे आले. कुणी नको म्हटले नाही; कुणी वेळही दिला नाही. टिपणांच्या वह्या माळ्यावर गेल्या. भांडायचे तरी कुणाशी? मोडायला अटच नव्हती.

बहिणीला मी एवढेच सांगितले, की मुलीला आणि त्या मुलाला फुटाळ्याच्या काठी दोन तास बसू दे आणि आपापल्या अटी एकमेकांना सांगू दे. ती अजून माझ्यावर रागावली आहे. भेट मात्र ठरली आहे.

त्या संध्याकाळी करंज्या तळता तळता मी आमच्या ह्यांना म्हटले, "दिवाळीनंतर रोज संध्याकाळी मला दोन तास हवेत. दार लावून. ही अट समजा."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली घेतले. बराच वेळ माझ्याकडे पाहिले. "दीड," म्हणाले.

पावणेदोनवर सौदा मिटला. वह्या माळ्यावरून कोण काढणार, त्याची बोलणी चालू आहेत.