पात्रता कोणाची, आणि ती ठरवणार कोण?

भिलाई पोलाद कारखान्याच्या दारातून दररोज दोन प्रकारचे कामगार आत जातात. एकाचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर असते, दुसऱ्याचे कंत्राटदाराच्या वहीत. खुर्सीपारसारख्या कामगारवस्तीत हे दोघेही राहतात. परंतु तेथील बोलीने त्यांच्यातील अंतर नेमके टिपले आहे: एकाच्या श्रमाला ‘नौकरी’ म्हणतात, दुसऱ्याच्या श्रमाला नुसते ‘काम’. नौकरीबरोबर घर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी आणि मुलांचे शिक्षण येते. कामाबरोबर दिवसाची मजुरी येते आणि उद्याची अनिश्चितता. हे अंतर का आहे असे विचारले, तर व्यवस्थापनाचे उत्तर ठरलेले असते: कौशल्याचा फरक आहे, पात्रतेचा फरक आहे. या उत्तराची तपासणी करणे हे आज कामगार चळवळीचे अत्यंत निकडीचे कार्य आहे.

पात्रता माणूस जन्मतः घेऊन येत नाही. ती यंत्रासमोर उभे राहून, चुका करून, जाणत्या कामगाराच्या हाताखाली शिकून घडते. खुद्द भिलाईचा इतिहासच याची साक्ष देतो. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाचा कारखाना पूर्वी कधीही न पाहिलेली माणसे या चार वर्षांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून दुर्ग जिल्ह्यात आली आणि भट्टी चालवू लागली. ती आधीच पात्र होती म्हणून त्यांना काम मिळाले असे नव्हे; काम मिळाले, प्रशिक्षण मिळाले, म्हणून ती पात्र झाली.

परंतु ही संधी सर्वांना सारखी मिळाली नाही. ज्यांच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला त्या छत्तीसगडी शेतकऱ्याबद्दल ‘हा आळशी, हा कारखान्याच्या शिस्तीला नालायक’ असा समज बाहेरून आलेल्यांत आणि अधिकाऱ्यांत बळावला. 1993 पासून भिलाईत संशोधन करणारे मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 2020 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्लासेस ऑफ लेबर’ या ग्रंथात या समजाची आणि कायम व कंत्राटी कामगारांमधील दरीची सविस्तर नोंद केली आहे. पुढे कायम नोकरीत छत्तीसगडी कामगार मोठ्या संख्येने आला, त्याने तेच पोलाद त्याच कसबाने ओतले आणि तो समज खोटा ठरला. तरीही तोच शिक्का आज कंत्राटी मजुराच्या, आणि त्याहूनही अधिक ‘रेजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मजूर स्त्रीच्या माथी मारला जातो. घमेली उचलणे हेच तिचे ‘स्वाभाविक’ काम, असे ठरवून टाकले आहे. यंत्र आले की पहिली गदा तिच्यावर. कारण यंत्र तिला शिकवायचे कोणाच्या मनातच नसते. दल्ली राजहराच्या लोहखाणींत 1977 नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने यांत्रिकीकरणाला जो विरोध केला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. यंत्राचा शत्रू म्हणून हा मजूर उभा ठाकला नव्हता; यंत्राच्या नावाने स्वतःला हाकलले जाणे त्याने नाकारले.

मराठी कामगाराला ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत अधिक मजुरीचे विणखाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि विटाळाची सबब पुढे केली जाई. हा अडसर कौशल्याचा नव्हता, जातीचा होता. 1928 च्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेतृत्वापुढे ठेवला. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाड येथे भरलेल्या रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी दाखवून दिले की, अस्पृश्य गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला हमालाची जागाही मिळत नाही, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचीही कामे करून घेतो. त्याच परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे त्यांनी सांगितले. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले. दोन्ही शत्रूंशी एकाच वेळी लढता येते, हा त्या दिवसाचा धडा आहे.

कायद्याने हा भेद मिटवला काय? कायम स्वरूपाच्या कामांत कंत्राटी पद्धतीला बंदी घालण्याची तरतूद 1970 च्या कायद्यात होती. परंतु 30 ऑगस्ट 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, भारतीय पोलाद प्राधिकरणाच्याच खटल्यात, अशी बंदी आली तरी कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाही असा निर्णय दिला. 1976 च्या समान वेतन कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली आहे. ही व अन्य तीन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. समान कामाला समान वेतन देताना लिंगभेद करू नये असे ही संहिता सांगते. पण ‘एकाच मालकाने’ असे बंधन घालून. भट्टीशी शेजारी शेजारी घाम गाळणाऱ्या दोघांचे मालक कागदोपत्री वेगळे असले की समानता तेथेच संपते. जातीचा उल्लेख तर त्या कलमात नाहीच. शिवाय कंत्राटी कामगारविषयक तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासांवर नेली आहे. लहान कंत्राटदाराला मोकळे रान मिळाले ते असे.

या भेदाने फायदा कोणाचा होतो हे उघड आहे. कायम कामगाराला वाटते की खालचा आपली जागा घेईल; कंत्राटी कामगाराला वाटते की वरचा आपल्यावर जगतो. दोघे परस्परांकडे संशयाने पाहतात, आणि त्या काळात कायम जागा एकेक करून कंत्राटात जातात. केवळ कायम कामगाराच्या वेतनकरारापुरती पाहणारी युनियन म्हणूनच आपल्या पायाखालची जमीन गमावत असते. 1 जुलै 1992 रोजी भिलाईच्या पॉवर हाऊस रेल्वे स्थानकावर, कायम नोकरी व जगण्यापुरते वेतन मागणाऱ्या खासगी कारखान्यांतील कामगारांवर गोळीबार झाला आणि पंधराहून अधिक कामगार मारले गेले. ‘अकुशल’ म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांनी संघटनेचे केवढे सामर्थ्य दाखवले, याची ती रक्तरंजित नोंद आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. कायम स्वरूपाच्या प्रत्येक कामावर कायम कामगार नेमा. तोवर मालक कोणीही असो, समान कामाला समान वेतन द्या. वर्षानुवर्षे भट्टीशी काम केलेल्याचा अनुभव भरतीत पात्रता म्हणून मोजा. नवे यंत्र आणण्यापूर्वी ते चालवण्याचे प्रशिक्षण त्याच कामावरच्या स्त्री-पुरुषांना द्या. या मागण्या प्रत्येक युनियनच्या मागणीपत्रकात पहिल्या पानावर आल्या पाहिजेत. आणि त्या मागताना कंत्राटी मजूर व मजूर स्त्री युनियनच्या कार्यकारिणीत बसलेली असली पाहिजे. पात्रतेचा निवाडा मालकाच्या हाती राहील, तोवर खुर्सीपारच्या एकाच गल्लीत ‘नौकरी’ आणि ‘काम’ यांची भिंत उभीच राहील. ती पाडायची तर दोन्ही बाजूंचे हात लागतील.