घोट्याजवळची नस आणि लघवीवरचा ताबा

जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला एसटीने जायचे म्हणजे दोन-अडीच तासांचा प्रवास. पन्नाशी गाठलेल्या अनेक बायका अशा प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. कारण विचारले, तर ‘बसमध्ये त्रास होतो’ एवढेच उत्तर मिळते. लघवीची घाई लागली की दोन मिनिटेही थांबता येत नाही, जागेवर पोहोचण्याआधीच साडी ओली होते, हे त्या लेकीलाही सांगत नाहीत. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत मजुरीला जाणारी बाई तर पंचेचाळीस अंशांच्या उन्हातही हाच उपाय करते. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते, संसर्ग आणि मुतखड्याचा धोका वाढतो. लाजेपोटी केलेला उपायच दुखणे वाढवतो.

ही लाज किती खोल आहे, हे महाराष्ट्राला फार पूर्वी कळले आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार होते आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. लघवीच्या तक्रारी आजही त्याच मौनात अडकलेल्या आहेत.

या तक्रारींचे मुख्य प्रकार दोन. खोकताना, शिंकताना, ओझे उचलताना लघवी गळणे हा पहिला. बाळंतपणांनी आणि कष्टाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, त्यातून तो होतो. दुसरा प्रकार म्हणजे अतिक्रियाशील मूत्राशय. यात पिशवी पुरती भरण्याआधीच आकुंचन पावते. अचानक घाई लागते, रात्री तीन-चार वेळा उठावे लागते. काहींना दोन्ही त्रास असतात. गर्भाशय काढले की हे थांबेल, असा समज खेड्यापाड्यांत आहे. तो चुकीचा आहे. आधी लघवीची व साखरेची तपासणी, बद्धकोष्ठतेवर उपचार, चहा कमी करणे, ठरावीक वेळाने लघवीला जाण्याची सवय आणि तळाच्या स्नायूंचे व्यायाम, हा क्रम आहे. हे व्यायाम अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडले. त्यांना पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

एवढे करूनही घाई थांबली नाही तर गोळ्या असतात. पण त्यांनी तोंड कोरडे पडते, पोट साफ होत नाही, वृद्धांमध्ये विसराळूपणा वाढू शकतो. अशा रुग्णांसाठी मज्जातंतूंना सौम्य विद्युत उत्तेजन देण्याचा मार्ग आहे. मूत्राशयाला आदेश देणारे तंतू पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीतून निघतात. घोट्याच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या नसेची मुळेही काही अंशी तिथलीच. म्हणून घोट्याजवळ दिलेले उत्तेजन मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनांना आवर घालू शकते.

त्रिकास्थीजवळ तार बसवून त्वचेखाली छोटे यंत्र ठेवण्याच्या पद्धतीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली मान्यता दिली. ती प्रभावी आहे, पण खर्च काही लाखांत जातो. घोट्याची पद्धत साधी आहे. घोट्याच्या सुमारे तीन बोटे वर केसासारखी बारीक सुई टोचून अर्धा तास सौम्य प्रवाह देतात. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २२० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत खऱ्या उपचाराने सुमारे ५५ टक्के रुग्णांना स्पष्ट सुधारणा जाणवली, तर खोट्या उपचाराने २१ टक्के रुग्णांना. सुईऐवजी त्वचेवर पट्ट्या चिकटवूनही उत्तेजन देता येते. त्यासाठी लागणारे टेन्स यंत्र काही हजारांत मिळते आणि कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपी विभागांत ते वापरले जाते.

हा रामबाण नाही. जवळपास निम्म्या रुग्णांना समाधानकारक गुण येत नाही आणि गुण टिकवायला पुढेही अधूनमधून उत्तेजन घ्यावे लागते. नुसत्या खोकल्याने गळणाऱ्या लघवीवर त्याचा उपयोग नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवतींनी तो घेऊ नये. लघवीतून रक्त जात असेल, तर आधी त्याचे कारण शोधायला हवे.

तरीही खानदेशात हा उपचार सामान्यांच्या आवाक्यात आणणे अवघड नाही. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावला ते २०१८ पासून आहे. दोन्ही ठिकाणी आठवड्यातून एक दुपार लघवीच्या तक्रारींसाठी राखून ठेवावी. स्त्रीरोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट एकाच ठिकाणी बसावेत आणि तपासणीला आडोसा असावा. खरी अडचण बारा फेऱ्यांची आहे. एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. बुडालेल्या मजुरीला मात्र कसलीच सवलत नाही. म्हणून पहिली तपासणी महाविद्यालयात आणि पुढचे उत्तेजन चोपडा, शिरपूरसारख्या उपजिल्हा रुग्णालयांत, अशी विभागणी हवी. कोणाला किती गुण आला, याची नोंदही हवी. तरच पुढचा खर्च योग्य ठरेल.

सुरुवात मात्र एका प्रश्नाने व्हावी लागेल. आशाताई घरोघरी जाऊन साखर-रक्तदाबाची चौकशी करतात, त्यातच ‘लघवी थांबवता येते ना?’ एवढे विचारावे. ज्या बाईला हा त्रास आहे, तिने तीन दिवस किती पाणी प्यायले, किती वेळा जावे लागले, कधी गळाली, हे वहीत लिहावे. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्यावे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेले की बोलणे सोपे होते आणि निम्मे निदानही त्याच वहीत सापडते.