किंग्ज क्रॉसचा कोळसा, कॉटन ग्रीनचा कापूस : मालगाडी गेल्यावर जमीन कोणाची? (धागा)

लंडनचे किंग्ज क्रॉस स्थानक १८५२ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. त्यानंतर सहा महिन्यांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली गाडी निघाली. दोन्हीकडे प्रवासी गाडीचे कौतुक झाले, तिची चित्रे निघाली, तिच्या तारखा पाठ्यपुस्तकांत गेल्या. मालगाडीची तारीख मात्र कोणी पाठ केली नाही. वास्तविक ही दोन्ही शहरे पोसली गेली ती मालगाडीवर. ती गेल्यानंतर मागे उरलेल्या जमिनीचे काय करायचे, हा आज जगातील अनेक जुन्या शहरांपुढचा प्रश्न आहे. लंडनने त्याचे एक उत्तर दिले आहे. मुंबईला ते अद्याप द्यायचे आहे.

प्रथम लंडन. किंग्ज क्रॉस स्थानकाच्या पाठीमागे, रीजंट्स कालव्याच्या काठावर, ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने आपला मालधक्का उभारला. स्थानकाचा रचनाकार लुईस क्युबिट यानेच तेथे सहा मजली धान्यकोठार बांधले. लिंकनशरचा गहू रेल्वेने येथे येई आणि लंडनच्या भटारखान्यांकडे जाई. कालव्यातील होड्या थेट इमारतीच्या पोटात शिरत. घोड्यांचे तबेले मालाच्या शेडखाली होते.

शेजारीच कोळशाच्या लांबट इमारती होत्या. यॉर्कशरच्या खाणींतून भरलेल्या वाघिणी वरच्या मजल्यावरील रुळांवर येऊन थांबत. तळ उघडला की कोळसा खालच्या कप्प्यांत कोसळे. तेथून तो पोत्यांत भरून घोडागाड्यांनी घरोघर पोचे. लंडनच्या प्रत्येक चुलीचा आणि प्रत्येक धुरकट सकाळचा उगम अशाच एखाद्या कप्प्यात होता, असे म्हटले तरी चालेल. जवळच गॅसचा कारखाना होता. त्याच्या टाक्यांचे गोल लोखंडी सांगाडे हीच त्या भागाची ओळख होऊन बसली.

ही जमीन रिकामी मात्र कधीच नव्हती. १८६० च्या दशकात मिडलंड रेल्वेला शेजारी सेंट पँक्रस स्थानक बांधायचे होते, तेव्हा अ‍ॅगर टाउन नावाची गरिबांची वस्ती साफ उठवण्यात आली. जुन्या सेंट पँक्रस चर्चच्या दफनभूमीतून रूळ नेण्यासाठी हजारो सांगाडे उकरून हलवले गेले. त्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या तरुण वास्तुविशारदांपैकी एक पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला : थॉमस हार्डी. मेलेल्यांसाठी निदान एक देखरेख करणारा नेमला गेला. अ‍ॅगर टाउनच्या जिवंत भाडेकरूंसाठी तेवढेही कोणी केल्याचे दिसत नाही. आज 'पुनर्विकास' हा शब्द ऐकताना हे ध्यानात ठेवलेले बरे. रेल्वे आली तेव्हाही कोणाचा तरी पुनर्विकास झालाच होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा ओसरला. घराघरांत नैसर्गिक वायू आला, माल लॉरीवर चढला, रूळ गंजले. १९८० च्या दशकात हा भाग देहविक्रय आणि अमली पदार्थांसाठी कुप्रसिद्ध होता. पडीक गोदामांत कारागिरांची दुकाने, कलावंतांच्या कार्यशाळा आणि पुढे रात्रभर चालणारे नृत्यक्लब थाटले गेले. नियोजनकारांच्या अहवालांत अशा जागेला 'ओसाड' म्हणण्याचा प्रघात आहे. तेथे भाडे भरून राहणाऱ्यांना आणि काम करणाऱ्यांना तो शब्द कितपत पटला असता, हा प्रश्न वेगळा.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस विकासकांच्या एका गटाने नॉर्मन फॉस्टर यांच्याकडून प्रचंड आराखडा करून घेतला. त्यात कार्यालयांचाच भरणा होता. त्याविरुद्ध स्थानिक रहिवाशांच्या संघटनांनी 'किंग्ज क्रॉस रेल्वे लँड्स ग्रुप' स्थापला, पर्यायी आराखडे काढले आणि प्रत्येक सुनावणीत ते मांडले. पुढे मालमत्तेच्या बाजारात मंदी आली आणि फॉस्टर यांचा आराखडा बारगळला. बारगळलेल्या योजनांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. या योजनेचा लिहायला हवा. धान्यकोठार आणि कोळशाच्या इमारती आज उभ्या आहेत.

याच काळात एक लहानशी गोष्ट घडली. १९८५ मध्ये एका जुन्या कोळसायार्डाच्या जागी, कालव्याच्या काठी, कॅमली स्ट्रीट निसर्गोद्यान उघडले. जेमतेम दोन एकर. वकिलांची फौज नाही, परदेशी भांडवल नाही. आजूबाजूला अब्जावधींचे बांधकाम झाले, तरी ते उद्यान टिकून आहे.

मुख्य योजना २००० नंतर आकाराला आली. चॅनल टनेलची वेगवान रेल्वे सेंट पँक्रसला आणण्याचे ठरले आणि जमिनीचे मोल एका रात्रीत बदलले. आर्जेंट या कंपनीची विकासक म्हणून निवड झाली. आराखडा काढण्याआधी तिने २००१ मध्ये शहर कसे असावे याविषयीची तत्त्वे छापून प्रसिद्ध केली. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर २००६ मध्ये कॅम्डेन नगरपरिषदेने ६७ एकरांच्या योजनेला परवानगी दिली. रेल्वे लँड्स ग्रुपने न्यायालयात आव्हान दिले. ते फेटाळले गेले.

मग बांधकाम झाले. सुमारे ५० नव्या इमारती, जतन केलेल्या २० जुन्या, जवळजवळ २,००० घरे, २६ एकर मोकळी जागा. धान्यकोठारात २०११ पासून सेंट्रल सेंट मार्टिन्स हे कलामहाविद्यालय भरते. गॅसच्या टाक्यांचे सांगाडे २००१ मध्ये उतरवले होते. ते दुरुस्त करून कालव्यापलीकडे पुन्हा उभे केले. त्यांपैकी तिघांच्या पोटात आज सदनिका आहेत, एकात बाग आहे. कोळशाच्या इमारतींचे छत थॉमस हेदरविक यांनी वळवून एकमेकांना टेकवले आणि २०१८ मध्ये तेथे उंची दुकाने उघडली. टपाल खात्याने या भागाला नवा पिनकोडही दिला.

हे सारे देखणे आहे, आणि तसे म्हणण्यात कंजुषी करण्याचे कारण नाही. चौकातील फरसबंदीत जुने रूळ आणि वाघिणी फिरवण्याच्या चकत्या राखल्या आहेत. कारंज्यांत मुले भिजतात, विद्यार्थी पायऱ्यांवर बसतात. जगभरचे नियोजनकार पाहायला येतात आणि भारावून परततात.

तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला एक गोष्ट खटकते. वाचले ते लोखंड आणि वीट. वाचले नाही ते काम. कोळसा उपसणाऱ्याचा खोकला, घोडे सांभाळणाऱ्याची रात्रपाळी, गव्हाची पोती वाहणाऱ्याची मजुरी यांतले फरसबंदीत काहीच उतरलेले नाही. कोळशाच्या कप्प्याच्या जागी कपड्यांचे दुकान येण्यात पाप नाही. परंतु कमान राखली की इतिहास राखला, असे मानण्याची सोय त्यामुळे होते, आणि ही सोय फार महाग पडते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तेथील रस्ते आणि चौक चालणाऱ्याला सार्वजनिक वाटतात; मालकी खासगी आहे. २०१९ मध्ये उघडकीस आले की या परिसरात काही काळ चेहरा ओळखणारे कॅमेरे वापरले गेले होते आणि ये-जा करणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. त्याआधी, २०१६ मध्ये, ब्रिटिश सरकारने या प्रकल्पातील आपला ३६.५ टक्के हिस्सा एका ऑस्ट्रेलियन निवृत्तिवेतन निधीला विकण्याचे जाहीर केले होते. रेल्वेची म्हणजे जनतेची जमीन, त्यावर जनतेच्या पैशाने आलेली वेगवान रेल्वे, तिच्यामुळे चढलेला भाव. आणि त्या भावाचे पुढचे फळ दुसऱ्या गोलार्धातील पेन्शनरांना.

आता मुंबई. पुढे वाचण्याआधी एक नकाशा डोळ्यांपुढे आणावा. बॅलार्ड पिअर, वाडीबंदर, भाऊचा धक्का, दारूखाना, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. हा सारा पूर्व किनारा म्हणजे पोर्ट ट्रस्टचे राज्य. १८७३ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, पुढे व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक तयार झाला. त्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीदगडांनी भराव टाकून बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. १९१५ च्या आरंभी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली. बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत धावणारी ही रेल्वे गोद्यांना आणि गोदामांना देशाच्या लोहमार्गांशी जोडत होती. बोटीतून उतरलेला साहेब बॅलार्ड पिअर मोल स्थानकात फ्रंटियर मेलमध्ये बसून पेशावरकडे निघे. कापसाचा गठ्ठा मात्र उलट दिशेने येई, आणि संख्येने साहेबांपेक्षा फार मोठा असे.

कॉटन ग्रीन हे नावच एक प्रवास आहे. कापसाचा बाजार आधी किल्ल्यात सेंट थॉमस कथीड्रलजवळच्या हिरवळीवर भरे. तेथून तो कुलाब्याला गेला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीच्या भरावावर आला. हिरवळ मागे राहिली, नाव सोबत आले. वऱ्हाड-खानदेशचा शेतकरी आणि लँकेशरची गिरणी यांच्यामधला दुवा म्हणजे ही गोदामे.

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाचा स्फोट झाला. स्फोटके आणि कापूस एकाच जहाजावर होते. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. म्हणूनच १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. जवानांची स्मृती राहिली, आणि ती राहायलाच हवी. जहाजांवर आणि धक्क्यांवर राबणाऱ्या, मरण पावलेल्या मजुरांची मात्र नेमकी संख्यासुद्धा इतिहासापाशी नाही. मृतांचे अंदाज ८०० पासून १,३०० पर्यंत जातात. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे शेकडो नावे.

१९८९ मध्ये न्हावाशेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि कंटेनर खाडीपलीकडे गेले. घाऊक बाजारही नवी मुंबईत हलले. मागे उरली ती सुमारे १,८०० एकरांची मालमत्ता, जुन्या मुंबई बेटाचा जवळपास आठवा भाग. २०१३ मध्ये तिच्या कडेने पूर्व मुक्तमार्ग झाला, २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू निघाला. लंडनमध्ये वेगवान रेल्वेने जे केले, ते येथे या दोन रस्त्यांनी केले आहे. भाव चढला आहे. पुनर्विकासाचे आराखडे २०१४ पासून निघत आहेत.

अशा वेळी किंग्ज क्रॉसची छायाचित्रे दाखवण्याचा मोह होतो. त्याआधी गिरणगाव आठवावे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. सूत्र साधे आणि न्याय्य होते. २००१ मध्ये त्यात बदल झाला : वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, फक्त रिकाम्या जमिनीची. गिरणीच्या जागेवर तर बहुतेक इमारतीच असत! दोन शब्दांच्या फरकाने शहराची मैदाने गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराची बाजू उचलून धरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. आज मॉलच्या अंगणात एखादे धुराडे उभे दिसते. राखलेली कमान आणि राखलेले धुराडे यांचा इतिहास सारखाच अपुरा आहे.

किंग्ज क्रॉसचे खरे यश छताच्या वळणात नाही. जमीन मोजक्या मालकांकडे होती, योजना एकसंध होती, आणि भाव शिगेला पोचण्याआधी सार्वजनिक हिस्सा परवानगीच्या अटींत लिहिला गेला. गिरणगावात यातले काहीच नव्हते. प्रत्येक गिरणी स्वतंत्रपणे विकली गेली. पूर्व किनाऱ्यावर जमिनीचा प्रमुख मालक एकच आहे, आणि तो सार्वजनिक आहे. अशी संधी या शहराला तिसऱ्यांदा मिळणार नाही, कारण बेटावर तेवढी जमीनच उरलेली नाही.

एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकायला हवा. बंदर प्राधिकरणावर निवृत्त कामगारांच्या पेन्शनचा मोठा भार आहे. जमिनीतून पैसा उभा केल्याशिवाय तो पेलणार नाही, असे म्हटले जाते. म्हणणे खोटे नाही, आणि ती पेन्शन हक्काचीच आहे. पण हाच तर्क पुढे नेला तर या जमिनीचे मोल गोदी कामगारांच्या श्रमातून आले हेही मान्य करावे लागते. मग शिवडीच्या कोळीवाड्याला, दारूखान्यात जहाजे तोडणाऱ्यांना, पोर्ट ट्रस्टच्या चाळीत वाढलेल्या कुटुंबांना 'अडथळा' म्हणता येत नाही. त्यांचा वाटा आराखड्याच्या पहिल्या पानावर यावा, परिशिष्टात नव्हे. रस्ते आणि किनारा महापालिकेच्या मालकीचे राहावेत, कोणा कंपनीच्या सुरक्षारक्षकाच्या मर्जीवर नव्हे. आणि वाटणीच्या सूत्रात 'रिकामी' हा शब्द कोठेही नसावा.

इमारतींची नोंद करणारे लोक मिळतील. त्यांना मोजपट्टी पुरते. कामाची नोंद अवघड आहे. पाठीवरून गठ्ठा उतरवण्याची पद्धत, टोळीतील मुकादमाचा शब्द, पाळीची हाक, ज्या असुरक्षिततेतून १९६९ चा माथाडी कायदा झाला ती रोजंदारी : यांतले फार थोडे दप्तरांत सापडते. ते माणसांपाशी आहे. १९८९ मध्ये तिशीत असलेला गोदी कामगार आज पासष्टी ओलांडून गेला आहे.