आधी चालकाला जाब विचारा

पन्नास शहरांतल्या पदपथांची आणि झेब्रा क्रॉसिंगची तपासणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2025 रोजी बजावले. ही दहा लाखांवर वस्तीची शहरे. त्यांत कोल्हापूर नाही. म्हणून इथल्या यंत्रणेने स्वस्थ बसायचे काय? ते मुळीच चालणार नाही. ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचाच रस्ता, हे इथले जुने दुखणे आहे आणि त्यावर उपाय करायला दिल्लीच्या यादीत नाव असावे लागत नाही.

राजारामपुरीत संध्याकाळी उभे राहून बघा. एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात आडवा धरून एखादी आजी रस्ता ओलांडत असते. गाडीचा वेग कमी होत नाही, हॉर्न तेवढा वाजतो. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या, म्हणून तिला डांबरावर उतरावे लागते. तिला धक्का लागला की भोवती जमलेले लोक तिलाच विचारतात, "मावशी, बघून चालायचं न्हाई व्हय?" हा प्रश्न चालकाला विचारा! पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध यांची विशेष काळजी घेणे हे 2017च्या वाहनचालन नियमांनी चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. 2023 मध्ये देशात 35 हजारांवर पादचारी रस्त्यावर मेले. त्या सगळ्यांना चालता येत नव्हते काय?

नेदरलँडमध्ये मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली, तर भरपाईची जबाबदारी आधी मोटारवाल्यावर येते. अपघात आपल्या हातून टळण्याजोगा नव्हता, हे त्याने सिद्ध करायचे. आपल्याकडे ठोकरून पळालेले वाहन सापडले नाही, तर मृताच्या घरी 2 लाख रुपये जातात आणि प्रकरण मिटते. पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत कैद सांगणारे भारतीय न्याय संहितेचे 106(2) कलम सरकारने वाहतूकदारांच्या संपापुढे बाजूला ठेवले. 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, ती हे कलम वगळून. त्याआधी सहाच आठवडे पुण्यात कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन जीव गेले होते आणि अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगितले गेले होते. त्यावर उसळलेल्या संतापानंतरही सरकारला हे कलम लागू करावेसे वाटले नाही, ही शरमेची गोष्ट आहे.

उसाच्या हंगामातही तेच. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, अनेकींना ना दिवा ना रिफ्लेक्टर. आणि पहाटेच्या अंधारात त्याच रस्त्याने डेअरीला दूध घालायला निघालेला सायकलवाला. रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीचा ऊस कारखान्यांनी काट्यावर घेऊच नये. एवढे ठरवायला कोणता कायदा आडवा येतो?

कोल्हापूर महापालिकेत 2020पासून 2026च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. अतिक्रमण काढताना नगरसेवक अडवतात, ही सबबही त्या काळात उरली नव्हती. दिवाळीच्या गर्दीआधी महाद्वार रोड आणि राजारामपुरीचे फूटपाथ मोकळे करा, पुसलेले पट्टे रंगवा. आणि हेल्मेटच्या पावत्या फाडायला चौकाचौकांत उभे राहणारे पोलिस झेब्रा पट्ट्यांशीही उभे करा. पट्ट्यावर माणूस असताना गाडी न थांबवणाऱ्याची पहिली पावती याच आठवड्यात फाटली पाहिजे.