एकाच बोटीवरच्या तीन पंगती



विमाने नव्हती तेव्हा सातासमुद्रापार जायचे ते आगबोटीने. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कला पोहोचले तेही आगबोटीनेच. त्याच काळात युरोपातील लाखो गरीब माणसे पोटासाठी अमेरिकेची वाट धरीत होती. या बोटींवर माणसे कशी राहत आणि कशी जेवत, हे आपल्या घरातील मुलाबाळांनाही ठाऊक असावे.

बोट एक, समुद्र एक, परंतु वर्ग तीन. वरच्या मजल्यांवर श्रीमंत आणि अगदी खाली गरीब. अमेरिकन सरकारच्या डिलिंगहॅम आयोगाची माणसे गरीब उतारू बनून या तळमजल्यातून फिरली. त्यांचा अहवाल १९११ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीच्या बोटीवर गरिबाच्या वाट्याला सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी येई. डोक्यावर अडीच फुटांवर दुसऱ्याची फळी. सामान, कपडे, भांडी सारे त्याच जागेत ठेवायचे. जेवणाची खोली नाही. पत्र्याचा डबा घेऊन रांगेत उभे राहायचे, मिळेल तिथे बसून खायचे आणि डबा आपणच धुवायचा.

पण त्याच अहवालात दुसरीही गोष्ट आहे. काही कंपन्यांनी गरिबांसाठी लहान खोल्या, जेवणाची टेबले आणि वाढपी दिले होते. एका कंपनीला जे जमते ते दुसरीला का जमू नये? म्हणून जुनी पद्धत बंदच व्हावी, असे आयोगाचे मत पडले. गरिबाला माणसासारखे जेवू घालणे अशक्य कधीच नव्हते. प्रश्न इच्छेचा होता.

१९१२ सालची ‘टायटॅनिक’ ही अशीच नव्या पद्धतीची बोट. तिच्यावर तिसऱ्या वर्गालाही टेबल-खुर्ची होती. सकाळी ओटची लापशी, मासे, अंडी, ताजा पाव. दुपारी सूप, मांस, बटाटे. पुष्कळांना घरीही असे जेवण मिळत नसे. पहिल्या वर्गात मात्र रात्रीच्या एका जेवणात दहाएक पदार्थ एकामागून एक येत. तिसऱ्या वर्गातील सातशेच्या वर उतारूंना अंघोळीचे टब होते फक्त दोन.

हा भेद ताटापुरता राहिला असता तर एकवेळ सोसता आला असता. १४ एप्रिलच्या रात्री बोट हिमनगावर आदळली. बोटीवर सुमारे २२०० माणसे आणि जीवरक्षक होड्यांत जागा ११७८. पहिल्या वर्गातील शेकडा ६२ माणसे वाचली, तिसऱ्या वर्गातील शेकडा २५ च्या आसपास. तिसऱ्या वर्गातील ७९ मुलांपैकी ५२ मुले बुडाली.

मुद्दाम कोणी भेदभाव केला नाही, असा निर्वाळा ब्रिटिश चौकशीने दिला. तो खरा मानला तरी होड्या होत्या वरच्या मजल्यावर आणि गरीब होते तळाशी. मध्ये वाकडे रस्ते, जिने आणि वर्ग वेगळे ठेवणारे अडसर. पुष्कळांना इंग्रजी सूचना कळत नव्हत्या. त्या रात्री कोणी नवा अन्याय केला नसेलही, तो बोट बांधतानाच बांधला गेला होता! ज्यांच्या वस्त्या पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर बांधल्या गेल्या, त्या आपल्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पुढे जानेवारी १९१४ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला. बोटीवर जितकी माणसे तितक्या सर्वांना होड्यांत जागा हवी, मग तिकीट कोणत्याही वर्गाचे असो, हे तत्त्व मान्य झाले. दयेने जे मिळाले नाही ते कायद्याने कागदावर आले.

आता थोडे आपल्या घरात पाहू. आपल्या मंगल परिणयात आणि जयंतीच्या भोजनदानात हल्ली पाहुण्यांसाठी टेबल-खुर्ची वेगळी असते. ज्यांनी मंडप घातला, पाणी भरले, भांडी घासली, ते मात्र शेवटी उरलेसुरले खातात. पुढच्या कार्यक्रमात एवढेच करा : त्यांना पहिल्या पंगतीत बसवा. समता आधी ताटात दिसली पाहिजे.