घरचें यंत्र : संगणक मंदावतो तेव्हां

तळ्यासारख्या कोंकणांतील गांवीं, वैशाखांतील दमट दुपारीं लॅपटॉप मंदावला, कीं ‘यंत्र जुनें झालें, नवें आणा’ असा ठराव घरांत तत्काळ होतो. वाचकांनीं तत्पूर्वीं थोडी परीक्षा करावी.

प्रोसेसर फार तापल्यास स्वसंरक्षणार्थ आपली गती आपणच कमी करितो. २००० सालीं निघालेल्या इंटेलच्या पेंटियम ४ मध्येंही ही योजना होती. खोलींतील हवाच ऊन असली, म्हणजे पंख्यास उष्णता पुरेशी बाहेर टाकतां येत नाहीं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें ‘परफॉर्मन्स’ या पानावर वापर व गती हे आंकडे जवळजवळ दिसतात. वापर पूर्ण असूनही गती तेथेंच दिलेल्या मूळ गतीहून खालीं गेली, तर संशयास जागा आहे. मग एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्यें तापमान आणि ‘थर्मल थ्रॉटलिंग’ हा रकाना पाहावा. तेथें ‘येस’ उमटल्यास दोष उष्णतेचा. तापमान बेताचें असल्यास मात्र चार्जर कमी शक्तीचा आहे काय, बॅटरी-बचत चालू आहे काय, हें तपासावें.

दोष उष्णतेचाच ठरला, तर यंत्र गादीवरून मेजावर ठेवावें, जाळीवरील धूळ काढवावी आणि तेंच काम चालू असतांना आंकडे पुन्हां पाहावे. गती पूर्ववत् झाली, तर नव्या यंत्राचा खर्च टळला.